अंगठा लागत नाही: आधारचं प्रमाणीकरण पुन्हा पुन्हा फसतं तेव्हा काय तपासायचं

लक्षण सगळ्यांच्या ओळखीचं आहे. रेशन दुकानातल्या ई-पॉसवर, बँक मित्राकडच्या मशिनवर किंवा सेवा केंद्रातल्या स्कॅनरवर अंगठा ठेवला की मशीन नकार देतं. पुन्हा ठेवला, पुन्हा नकार. मग ठरलेले उपाय सुरू होतात. हात धुऊन या, बोट केसांवरून फिरवा, दुसऱ्या हाताचं लावा, जोरात दाबा, आज सर्व्हर डाऊन आहे, उद्या या. एखाद्या वेळी लागतोही. पुढच्या महिन्यात त्याच माणसाचं पुन्हा तेच.

ज्यांच्या घरात असा एखादा अंगठा आहे त्यांच्यासाठी, आणि काउंटरच्या पलीकडे मशीन घेऊन बसलेल्यांसाठीही हे लिहितोय. ‘अंगठा लागत नाही’ या एकाच तक्रारीखाली निरनिराळे बिघाड येतात आणि त्यातल्या बऱ्याच बिघाडांचा बोटाशी काही संबंध नसतो. सर्व्हरवरचं लॉक बोट घासून उघडत नाही. म्हणून बोटाकडे जायच्या आधी दोन गोष्टी बघायच्या.

एकाचं फसतंय की सगळ्यांचं?

हा पहिला प्रश्न, आणि तो फार थोडे लोक विचारतात. सकाळपासून त्या मशिनवर कुणाचाच अंगठा लागला नसेल तर आजींच्या बोटाला दोष देण्यात अर्थ नाही. दोष मशीन, त्यातली सेवा, घड्याळ किंवा नेटवर्क यांच्यात आहे. सगळ्यांचे लागताहेत आणि एकाच माणसाचा इथेही लागत नाही, शेजारच्या गावातल्या मशिनवरही लागत नाही, तर दोष त्या माणसाच्या बोटात किंवा त्याच्या नोंदीत आहे. इथे लागत नाही पण बँकेत लागतो, असं असेल तर इथल्या स्कॅनरची काच आणि बोट ठेवायची पद्धत बघायची.

मग आकडा बघा

आधारचा सर्व्हर नकार देताना सोबत एक त्रुटी क्रमांक पाठवतो. नकाराचं कारण त्या आकड्यात असतं. काही ॲप तो आकडा कोपऱ्यात बारीक अक्षरात दाखवतात, काही नुसतं ‘प्रमाणीकरण अयशस्वी’ म्हणून मोकळी होतात. माझ्या मते आकडा लपवणारं ॲप अर्धवट बनवलेलं ॲप आहे, पण ते आपल्या हातात नाही. स्क्रीनवर दिसत असेल तर फोटो काढून ठेवा.

दिसत नसेल तर दुसरी वाट आहे. माय-आधारच्या संकेतस्थळावर ‘प्रमाणीकरण इतिहास’ नावाची सोय आहे. तिथे गेल्या सहा महिन्यांत तुमचा आधार क्रमांक कुठे कुठे वापरला गेला, कोणत्या संस्थेने विचारणा केली, बोट होतं की ओटीपी, उत्तर हो आलं की नाही, आणि नाही आलं तर कोणत्या आकड्याने, हे एका वेळी ५० नोंदींपर्यंत बघता येतं. आत शिरायला आधारशी जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो. ही सोय आहे हेच बहुतेकांना ठाऊक नसतं.

या इतिहासाचा आणखी एक उपयोग आहे. अंगठा लावून पैसे काढताना एखादा लबाड एजंट ‘फेल झालं, परत लावा’ म्हणतो, आणि प्रत्यक्षात पहिलाच व्यवहार पार पडलेला असतो. असे प्रकार झालेले आहेत. प्रत्येक ‘फेल’ची पावती मागा. शंका आली तर इतिहासात वेळ ताडून बघा. फसलेला म्हणून सांगितलेला व्यवहार तिथे यशस्वी दिसला तर विषय प्रमाणीकरणाचा राहिलेला नाही. बँकेत आणि गरज पडली तर पोलिसांत जायचं.

आता हा आकडा येतो कुठून? बोट ठेवल्यावर स्कॅनर ठशाची प्रतिमा घेतो. त्याला जोडलेली आरडी सेवा, म्हणजे नोंदणीकृत उपकरणाची सेवा, त्या प्रतिमेचं वेळेच्या शिक्क्यासह कुलूपबंद पाकीट बनवते. ॲप त्याला आधार क्रमांक जोडतं. ते पाकीट संबंधित खात्याच्या किंवा बँकेच्या सर्व्हरवरून आणि मधल्या अधिकृत जोडणी देणाऱ्या संस्थेमार्फत आधार प्राधिकरणाकडे पोचतं, तिथेच ते उघडतं. तिथे तुमचा ठसा देशभरातल्या ठशांत शोधत नाहीत. दिलेल्या क्रमांकाच्या एकाच नोंदीशी तो ताडून बघतात आणि उत्तर देतात: हो किंवा नाही. या वाटेवर कुठेही गाडी अडू शकते.

एक सावधगिरी. आरडी सेवेचे स्वतःचेही त्रुटी क्रमांक आहेत आणि त्यातले काही सर्व्हरच्या यादीतही आहेत, वेगळ्या अर्थाने. आरडी सेवेचा ७३० म्हणजे ठसा घेता आला नाही. सर्व्हरच्या यादीत ७३० चा बोटाशी संबंधच नाही. म्हणून आकडा कुणी दिला, तेही बघायचं. बोट ठेवल्या ठेवल्या आला तर बहुधा आरडी सेवेचा. चक्र फिरत राहून थोड्या वेळाने आला तर सर्व्हरचा.

३००: ठसा जुळला नाही

सगळ्यात जास्त भेटणारा आकडा हाच, आणि सगळ्यात जास्त गैरसमजही याच्याबद्दल.

पासवर्डचं काम सरळ असतं. तुम्ही टाकलेली अक्षरं साठवलेल्याशी जुळली तर आत, एक अक्षर चुकलं तर बाहेर. मधलं काही नसतं. बोटाचं तसं नाही. एकाच बोटाच्या दोन प्रतिमा कधीच तंतोतंत सारख्या येत नाहीत. दाब वेगळा, कोन वेगळा, घाम वेगळा. म्हणून सर्व्हर ठशातल्या खुणा मोजतो: रेषा कुठे संपते, कुठे तिला फाटा फुटतो, त्या जागी तिची दिशा काय. साठवलेल्या नोंदीशी यातल्या किती खुणा जुळल्या यावरून गुण ठरतात. ठरावीक रेषेच्या वर गुण गेले तर हो, खाली राहिले तर नाही. ती रेषा खाली आणली तर दुसऱ्याचं बोट खपून जाण्याची भीती. वर नेली तर खऱ्या माणसाला नकार मिळण्याची. दोन्ही चुका एकाच वेळी शून्यावर आणता येत नाहीत. तेव्हा ३०० चा अर्थ एवढाच की या खेपेला गुण कमी पडले. समोरचा माणूस खोटा आहे असं त्यातून सिद्ध होत नाही. काउंटरवर बसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलं तर रांगेत उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसाचा अपमान तरी टळेल.

गुण कमी का पडतात? बहुतेक साध्या स्कॅनरमध्ये काच असते आणि आतून प्रकाश. ठशाची उंच रेषा काचेला टेकते तिथे प्रकाश एका तऱ्हेने वागतो, खोलगट भागात दुसऱ्या. बोट कोरडं पडलं असेल तर रेषा नीट टेकत नाही, तुटक दिसते, आणि मशिनला नसलेल्या ठिकाणी रेषा संपल्याचा भास होतो. बोट ओलं असेल तर खोलगट भागात पाणी भरतं आणि दोन रेषा एक झाल्यासारख्या दिसतात. दोन्हीत खुणा खोट्या पडतात.

आता नेहमीचे उपाय तपासू. केसांवरून बोट फिरवणं कोरड्या बोटाला खरंच चालतं, कारण केसांचं तेल बोटाला लागतं. घामेजल्या बोटाला तोच उपाय उलटा पडतो. हात धुऊन लगेच ओलं बोट ठेवणं चुकीचं. ‘जोरात दाबा’ हा तर सगळ्यात वाईट सल्ला: दाबल्यावर रेषा पसरतात, एकमेकींना चिकटतात, कातडी सरकते. व्हॅसलीन किंवा बामचा थर फासला तर रेषाच बुजतात.

करायचं ते असं. बोट आधी चाचपून बघा. कोरडं असेल तर ओलसर फडक्याने पुसा किंवा अगदी किंचित मॉइश्चरायझर चोळा, ते जिरू द्या, मग ठेवा. घाम असेल तर सुती कापडाने कोरडं करा. बोटाचं टोक लावू नका. नखाच्या मागे जिथे रेषांचा भोवरा असतो तो मांसल भाग काचेच्या मध्यावर सपाट टेकवा आणि दिवा विझेपर्यंत हलवू नका. काच दर थोड्या वेळाने मऊ कोरड्या कापडाने पुसा, आधीच्या माणसाचा तेलकट ठसा तिच्यावर उरलेला असतो. स्कॅनरवर थेट ऊन पडत असेल तर तो सावलीत घ्या. ओट्यावर टेबल मांडून काम करणाऱ्या शिबिरांमध्ये ही अडचण हमखास येते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. ताजी मेंदी असेल तर ती फिकी होईपर्यंत थांबणं सोपं.

यानंतरही ३०० येत असेल तर बोट बदला. अंगठाच का? सही करता न येणाऱ्याने अंगठा उठवायचा या जुन्या सवयीतून आपण मशिनवरही अंगठाच ठेवतो. आधारच्या नोंदीत दहाही बोटं असतात आणि बहुतेक ॲप ‘कोणतं बोट’ हे न सांगताच ठसा पाठवतात, म्हणजे तो नोंदीतल्या बोटांपैकी कशाशीही जुळला तरी चालतो. विळा, कोयता, थापी, भांडी घासायचा काथ्या, या सगळ्यांत अंगठा आणि तर्जनी सर्वांत जास्त झिजतात. उजव्या हाताने काम करणाऱ्याच्या डाव्या हाताची मधली आणि अनामिका घेऊन बघा. पुष्कळदा तिथे काम होतं. जे बोट लागलं ते रेशनकार्डाच्या वेष्टनावर पेन्सिलीने लिहून ठेवा, पुढच्या महिन्यात पुन्हा दहा बोटांची परीक्षा नको. काही ॲपमध्ये एकदम दोन बोटं घेण्याची सोय असते. असेल तर ती वापरा, खुणा दुप्पट मिळतात.

काही कामं ठसा खातातच. गवंडी आणि त्याच्या हाताखालचे लोक सिमेंट-चुन्यात हात घालतात. त्यातला क्षार कातडी खातो. वीटभट्टी, विडी वळणं, ऊसतोड, यांचंही तसंच. पण रेषांचा साचा कातडीच्या आतल्या थरात असतो. वरचा थर नुसता घासला गेला असेल तर हाताला काही आठवडे विश्रांती मिळाल्यावर रेषा परत वर येतात. म्हणून गाळप हंगाम चालू असताना ऊसतोड कामगाराचं ई-केवायसी करायला बसणं म्हणजे त्रास ओढवून घेणं. हंगाम संपून माणूस गावी परतला, हात जरा निवले, की करा.

म्हातारपणी कातडी सैल होते, रेषा सपाट होतात. त्या पूर्ववत होत नाहीत. काही औषधांनीही ठसे जातात. कॅपेसिटाबिन हे कर्करोगावरचं औषध हातापायांची कातडी सोलवटतं. २००९ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात सिंगापूरच्या एका रुग्णाची हकीकत छापून आली होती. अमेरिकेच्या विमानतळावर त्याचा ठसाच उमटेना म्हणून त्याला काही तास अडवून ठेवलं होतं. घरात कुणाची किमोथेरपी चालू असेल आणि अंगठा अचानक लागेनासा झाला असेल तर औषधाचं नाव डॉक्टरांना विचारा. अशा रुग्णाला बोट घासायला लावणं म्हणजे यातना आहे. त्याच्यासाठी सरळ पुढच्या वाटांकडे वळा.

वेगवेगळी बोटं झाली, वेगवेगळी मशिनं झाली, हात बरे असताना बघितलं, तरीही ३००? मग साठवलेली नोंदच कच्ची असण्याचा संभव मोठा. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला गेला. त्या सुरुवातीच्या वर्षांत शाळेच्या वऱ्हांड्यात, रांगा लावून ज्यांची नोंदणी झाली त्यांचे ठसे आता पंधरा वर्षं जुने आहेत, आणि घाईत घेतलेल्यांचा दर्जा काय असेल ते सांगायला नको. उपाय एकच: आधार केंद्रावर जाऊन बायोमेट्रिक अद्ययावत करणं. ऑक्टोबर २०२५ पासून त्याचं शुल्क १२५ रुपये आहे. जाण्याआधी चार-सहा दिवस हातांना खोबरेल तेल लावा, खरबरीत काम टाळा, सकाळी तेल पूर्ण धुऊन जा. ठसे घेताना ऑपरेटरच्या स्क्रीनवर प्रत्येक बोटाचा दर्जा दिसतो. कमी दिसला तर पुन्हा घ्यायला सांगा, संकोच करू नका. पावतीवरचा नोंदणी क्रमांक जपून ठेवा, त्यावरून विनंतीची स्थिती बघता येते. ती मंजूर झाल्यावरच नवे ठसे लागू होतात. त्याच दुपारी रेशन दुकानात जाऊन ‘अजूनही लागत नाही’ म्हणण्यात अर्थ नाही.

३३०: बोट ठीक आहे, कुलूप लागलंय

३३० म्हणजे आधारधारकाने स्वतःच आपलं बायोमेट्रिक लॉक केलं आहे. इथे बोट कितीही वेळा ठेवलं तरी उत्तर बदलणार नाही, आणि तरीही तासभर हात धुवायला लावलेली माणसं असतात.

हे लॉक लागतं कसं? बोटाच्या नकलेने पैसे काढल्याच्या बातम्या आल्या की घरातला कुणी शिकलेला मुलगा सगळ्यांची बायोमेट्रिक लॉक करून टाकतो. करावंच, भीती निराधार नाही. २०१८ मध्ये तेलंगणात एका इसमाने मालमत्ता नोंदणीच्या कागदांवरचे ठसे उचलून त्यांच्या नकला बनवल्याचं आणि त्यांवर सिमकार्डं सुरू केल्याचं उघडकीस आलं होतं. आधार प्राधिकरण २०२३ पासून ठशातल्या खुणांबरोबर बोटाच्या प्रतिमेवरूनही ते जिवंत बोट आहे का हे तपासतं, त्यामागे अशीच प्रकरणं आहेत. पण पुण्यात बसून लॉक करणारा मुलगा आईला ते सांगायचं विसरतो, आणि आई गावात रेशनच्या रांगेत उभी असते.

उघडायचं माय-आधारवरून किंवा एम-आधार ॲपमधून. आधारशी जोडलेला मोबाईल हाताशी हवा. तात्पुरतं उघडण्याचीही सोय आहे: थोड्या वेळापुरतं उघडतं आणि आपोआप पुन्हा बंद होतं. रेशनच्या दिवशी मुलाने फोन करून, आई मशिनसमोर उभी असतानाच ते उघडून द्यावं. कायमचं लॉक काढून टाकण्यापेक्षा हे बरं.

८११: नोंदीत ठसेच नाहीत

हा लहान मुलांचा आकडा. पाच वर्षांखालच्या मुलाचं बाल आधार काढतात तेव्हा त्याचे ठसे घेतच नाहीत; फोटो घेतात आणि आई किंवा वडिलांच्या आधाराशी जोडतात. मूल पाच वर्षांचं झालं की पहिल्यांदा ठसे द्यायचे असतात आणि पंधराव्या वर्षी पुन्हा, कारण वाढीच्या वयात बोट बदलतं. हे कुणी केलेलं नसतं. मग शिष्यवृत्तीच्या वेळी किंवा रेशनकार्डावरच्या सगळ्यांचं ई-केवायसी करायची वेळ आली की मुलाचा अंगठा ‘लागत नाही’. लागणार कशाशी? नोंदीत ठसेच नाहीत. पाच ते सात आणि पंधरा ते सतरा या वयांत हे अद्ययावत करणं मोफत आहे, आणि ऑक्टोबर २०२५ पासून एक वर्षासाठी सात ते पंधरा वयाच्या मुलांनाही शुल्क माफ केलं आहे. सातवी-आठवीतल्या मुलाचा अंगठा ८११ ऐवजी ३०० देत असेल तर पाचव्या वर्षीची नोंद आता जुनी झाली असण्याची शक्यता धरा.

इतर आकडे, झटपट

९९८ आला तर क्रमांक टाकताना चूक झाली आहे का ते आधी बघा. शेवटचा अंक पडताळणीचा असतो, त्यामुळे एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले तर बहुतेक वेळा तिथेच पकडलं जातं. ९९६ म्हणजे आधार रद्द, ९९७ म्हणजे सक्रिय नाही. दोन्हीत बोट सोडून आधारच्या १९४७ या मदत क्रमांकावर फोन करा. १०० म्हणजे नाव, जन्मतारीख किंवा लिंग जुळलं नाही; पॅन जोडताना ‘बाई’, ‘राव’ किंवा मधलं नाव यावरून अडणारे अर्ज याच जातीचे.

५६१ आणि ५६२ मात्र मला आवडतात, कारण ते निव्वळ घड्याळाचे आहेत. पाकिटावरचा वेळेचा शिक्का फार जुना असेल तर ५६१, भविष्यातला असेल तर ५६२. जुना चोरलेला ठसा पुन्हा वापरता येऊ नये म्हणून ही तपासणी असते. सेवा केंद्रातल्या जुन्या संगणकाची आतली बटण-बॅटरी मेलेली असते, रात्री वीज जाते, सकाळी संगणक कुठल्या तरी जुन्या तारखेला जागा होतो, आणि दिवसभर कुणाचाच अंगठा लागत नाही. कोपऱ्यातली तारीख बघा, वेळ इंटरनेटवरून आपोआप घ्यायला लावा आणि स्वस्तात मिळणारी ती बॅटरी एकदाची बदला.

आरडी सेवेचे आकडे: ७०० म्हणजे वेळेत ठसा मिळाला नाही, ७१० म्हणजे स्कॅनर दुसऱ्या ॲपने धरून ठेवलाय, ७२० म्हणजे उपकरण तयार नाही, ७४० म्हणजे उपकरण पुन्हा सुरू करून नोंदवून घ्यायला हवं. केबल काढून थेट मागच्या पोर्टला लावा. मोबाईलवर असाल तर ओटीजीची, म्हणजे फोनला बाहेरचं उपकरण जोडू देणारी, सेटिंग बघा, काही फोनमध्ये वापर नसला की ती आपोआप बंद होते. आरडी सेवेची वर्गणी संपली आहे का तेही बघा. कुलूपबंद करण्याचं काम संगणकावर करणारी एल-० जातीची जुनी उपकरणं आता बाद होत गेली आणि ते काम उपकरणाच्या आतच करणारी एल-१ आली. जुना स्कॅनर अचानक सगळीकडे चालेनासा झाला असेल तर तो बिघडलाय असं समजून दुरुस्तीला देण्याआधी तो कोणत्या जातीचा आहे ते तपासा.

बोट सोडून दुसरं काय?

तीन वाटा आहेत: ओटीपी, डोळे, चेहरा.

ओटीपीला बोट लागत नाही, पण आधारशी जोडलेला मोबाईल चालू असावा लागतो. आणि घोडं इथेच पेंड खातं. नोंदणीच्या वेळी शेजाऱ्याचा, एजंटचा, नाहीतर आता बंद पडलेल्या सिमचा नंबर दिलेला असतो. लाडकी बहीण योजनेचं ई-केवायसी २०२५ मध्ये ओटीपीवर सुरू झालं तेव्हा असंख्य बायकांना पहिल्यांदा कळलं की आपला ओटीपी भलत्याच फोनवर जातोय. त्यात पतीच्या किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी लागत असल्याने विधवा आणि एकट्या बायकांची आणखी अडचण झाली. मोबाईल नंबर बदलायला आधार केंद्रावर जाता येतं, किंवा इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेमार्फत पोस्टमन घरी येऊनही करून देतो. अंथरुणावरच्या माणसासाठी ही सोय सोन्यासारखी आहे. ओटीपी टाकूनही ४०० आला तर आकडे चुकलेत किंवा जुन्या मेसेजमधला ओटीपी टाकला जातोय. दोनतीनदा ‘पुन्हा पाठवा’ दाबलं की हा घोळ होतो. सगळ्यात शेवटी आलेला वापरा.

डोळ्यांची बुबुळं कामाने झिजत नाहीत, म्हणून गवंडी-ऊसतोड मंडळींना हा सर्वांत खात्रीचा मार्ग. अडचण एवढीच की स्कॅनर सगळीकडे नसतो. नव्या ई-पॉससोबत काही ठिकाणी तो आलाय. दुकानदाराने स्वतःहून सांगितलं नाही तर विचारा.

चेहऱ्याची वाट आता सर्वांत सोयीची झाली आहे. पेन्शनधारकांचं जीवन प्रमाणपत्र नोव्हेंबर २०२१ पासून चेहऱ्यावर करता येतं. मुलाच्या फोनमध्ये जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी अशी दोन ॲप घातली की बँकेत खेप घालावी लागत नाही. रेशनच्या ई-केवायसीसाठीही ‘मेरा ई-केवायसी’ ॲप याच पद्धतीने चालतं. उजेड समोरून हवा, मागे खिडकी नको, चष्मा काढा, सांगितल्यावर डोळे मिचकावा; जिवंत माणूस आहे की फोटो, हे त्यावरून ठरतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेल्या आजोबांना डोळे मिचकावणं जमत नसेल तर पट्टी निघेपर्यंत थांबा.

काहीच लागलं नाही तर

तर धान्य नाकारता येत नाही. हे काउंटरच्या दोन्ही बाजूंना माहीत हवं. २४ ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकात आधार प्राधिकरणाने स्पष्ट केलं आहे की बोट जुळलं नाही तर डोळे किंवा ओटीपी वापरून बघावं, आणि कशानेच जमलं नाही तरी लाभ नाकारू नये. कागदपत्र बघून द्यावा आणि अपवादाची नोंद ठेवावी. आधारच्या प्रमाणीकरण नियमांतही विचारणा करणाऱ्या संस्थेवर पर्यायी व्यवस्था ठेवण्याची जबाबदारी टाकली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ ला आधार कायद्याचं कलम ७, म्हणजे सरकारी लाभांसाठी आधार मागण्याची तरतूद, वैध ठरवलं, त्या खटल्यातही प्रमाणीकरण फसल्यामुळे पात्र माणूस वंचित राहू नये हा मुद्दा होताच.

दुकानदाराशी भांडून फारसं काही निघत नाही, कारण बहुतेकदा त्याच्या मशिनमध्ये अपवादाचं बटण कुठे आहे हे त्यालाही कुणी शिकवलेलं नसतं. ‘दादा, अपवादात नोंद करा, नाहीतर नकार लेखी द्या,’ एवढं शांतपणे म्हणा. लेखी द्यायची वेळ आली की बटण बहुधा सापडतं. नाहीच सापडलं तर तहसील कार्यालयातला पुरवठा निरीक्षक, आणि रेशनच्या तक्रारीसाठी १९६७.

नोंदीतच गडबड असेल, म्हणजे नोंदणीच्या गोंधळात घरातल्या दोघांचे ठसे अदलाबदल झाले असतील किंवा बायोमेट्रिक अद्ययावत करण्याची विनंती पुन्हा पुन्हा फेटाळली जात असेल, तर आधार केंद्राच्या पातळीवर ते सुटत नाही. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी प्राधिकरणाचं प्रादेशिक कार्यालय मुंबईत आहे. १९४७ वर तक्रार नोंदवून तिथपर्यंत न्यावी लागते. तक्रारीत त्रुटी क्रमांक, तारीख, वेळ, मशीन कुठलं होतं आणि कोणती बोटं लावून बघितली ते लिहा. ‘अंगठा लागत नाही’ एवढंच लिहिलेल्या तक्रारीला हात धुऊन पुन्हा प्रयत्न करा असं उत्तर येतं. आधार क्रमांक मात्र उघड्यावर कुठेही, मदत मागतानासुद्धा, पूर्ण टाकू नका. शेवटचे चार आकडे पुरतात.